पेठेतलं जुनं दुकान उभं कशावर असतं?

पुण्याच्या रविवार पेठेत, नाशिकच्या सराफ बाजारात, वाई-साताऱ्याच्या पेठांत अजून काही दुकानं अशी आहेत, की त्यांना रस्त्याच्या बाजूला भिंतच नाही. गुडघ्याच्या वर येणारा दगडी ओटा, ओट्याच्या मागे लाकडी खांबांची रांग, खांबांवर जाड आडवी तुळई आणि तिच्यावर अख्खी माडी. रात्री खांबांच्या मधे फळ्या लागतात, सकाळी निघतात, आणि दुकान पूर्ण रुंदीने रस्त्याला उघडं होतं.

पाहणाऱ्याला वाटतं, इमारतीचा भार बाजूच्या दोन-दोन फुटी भिंतींवर असेल आणि पुढचे खांब शोभेला असतील. खरं नेमकं उलट आहे. मजल्यांचा आणि छपराचा मुख्य भार लाकडी सांगाडा वाहतो. भिंती ऊन-पाऊस आणि चोर अडवतात, शेजाऱ्यापासून वेगळं करतात आणि सांगाडा डुलू देत नाहीत. भिंतीच्या आतही ठरावीक अंतरावर खांब चिणलेले असतात. गिलाव्यामुळे ते दिसत नाहीत, एवढंच. जुन्या दुकानांच्या दुरुस्त्या बहुतेक वेळा चुकतात त्या इथेच. भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि रंग मिळतो, खांबाकडे कोणी पाहत नाही.

खणाचा हिशेब

या बांधणीचं माप खण. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा, साधारण ५ ते ६ फुटांचा. दुकान 'दोन खणांचं' की 'तीन खणांचं' असं सांगितलं, की सुताराला लाकूड किती लागेल ते कळायचं. हे अंतर उगाच आलेलं नाही. ३ बाय ४ इंचाची सागाची कडी, म्हणजे मजल्याखालचं आडवं लाकूड, ५-६ फुटांवर मातीचा मजला आरामात पेलते. अंतर वाढवलं, की कडी जाड हवी, तुळई जाड हवी, आणि तेवढं सरळ लाकूड घाटावरून बैलगाडीने आणायचं म्हणजे खर्च. शिवाय एका खणात मांडी घालून बसलेल्या दुकानदाराचा हात दोन्ही बाजूंच्या मालापर्यंत जातो.

पेठेतली जागा बहुधा दर्शनाला अरुंद आणि आत खोल असते. दोन-तीन खणांचं तोंड, आणि मागे साठ-ऐंशी फुटांपर्यंत लांबी. पुढे ओटा आणि गादी, तिच्यामागे मालाची कोठी, मग चौक, आणि चौकापलीकडे राहतं घर. चौक केवळ अंगण नाही. तिन्ही बाजूंनी शेजारी खेटलेले असताना उजेड आणि हवा येण्याची ती एकमेव वाट. तापलेली हवा चौकातून वर जाते आणि तिच्या जागी रस्त्याकडची हवा दुकानातून आत ओढली जाते. गोदाम वाढवायचं म्हणून चौकावर पत्रे टाकले, की कोठीत कुबट वास सुरू होतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत आतल्या तुळयांची टोकं काळी पडायला लागतात. लाकडाचं आणि हवेचं नातं इतकं थेट आहे.

खालून वर

सगळ्यात खाली जोतं: घडीव काळ्या दगडाचं, जमिनीखाली मुरूम लागेपर्यंत नेलेलं आणि रस्त्याच्या वर दोन-अडीच फूट. उंची एवढी का, तर पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आत येऊ नये, गुरांचं तोंड धान्याला लागू नये, गाडीतलं पोतं कमरेच्या पातळीवर उतरावं, आणि गादीवर बसलेल्या माणसाची नजर समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या नजरेला यावी.

जोत्यावर प्रत्येक खांबाखाली एक घडीव दगड असतो, त्याला तळखडा म्हणतात. कधी तो साधा चौकोनी असतो, कधी कमळाच्या पाकळ्या कोरलेला. काम मात्र एकच: लाकडाचा तळ जमिनीच्या ओलीपासून सहा इंच ते एक फूट वर ठेवणं. लाकूड उभ्या रेषांच्या टोकाने पाणी सर्वांत जोरात शोषतं. तळखड्याशिवाय खांब म्हणजे पाण्यात ठेवलेली वात.

खांब सागाचा, ६ ते ९ इंच चौरस. मोठ्या वाड्यांत तो सुरूच्या झाडासारखा निमुळता कोरलेला असतो, दुकानात बहुधा साधा, फार तर कडा मारलेला. त्याच्या डोक्यावर एक आडवा ठोकळा बसतो, दोन्ही बाजूंना फूट-फूट पुढे आलेला. हा हस्त. कोरीव काम बहुतेक इथेच असल्यामुळे लोक त्याला नक्षी समजतात. प्रत्यक्षात तो तुळईला जास्त लांबीचा टेका देतो. खांब सहा फुटांवर असले आणि दोन्ही हस्त एकेक फूट पुढे आले, तर मधे उघडी तुळई चारच फूट उरते.

हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या फुटा-फुटावर, कड्यांवर फळ्या. हा कडीपाट. फळ्यांवर चार ते सहा इंच माती धुमसून बसवलेली, वर शेणाने सारवलेली किंवा पुढच्या काळात शहाबादी फरशी घातलेली. मातीमुळे वरचा आवाज खाली येत नाही, उन्हाळ्यात दुकान गार राहतं आणि एका मजल्यावरची आग दुसऱ्यावर जायला वेळ लागतो.

सांध्यांत खिळा जवळपास नसतो. खांबाच्या टोकाला कोरलेली कूस, म्हणजे बारीक केलेलं टोक, हस्ताच्या भोकातून तुळईत जाते आणि आडव्या लाकडी मेखेने अडकते. असा सांधा थोडा हलतो, पण सुटत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण तोच सांधा पुढे कोणी लोखंडी पट्ट्यांनी आणि सिमेंटने करकचून टाकला, तर हालचाल सांध्यात न होता लाकडाच्या अंगात होते, आणि लाकूड उभं तडकतं.

माडीचा पुढे आलेला सज्जा स्वतंत्र नसतो. आतल्या कड्याच तुळईवरून दोन-तीन फूट बाहेर काढलेल्या असतात. त्यांची आतली शेपटी मजल्याच्या मातीने दाबून धरलेली असते म्हणून बाहेरचं टोक खाली जात नाही. म्हणून आतून जिन्यासाठी किंवा सामान वर ओढण्याच्या झडपेसाठी पुढच्या कड्या कापणं धोक्याचं. कापतो आपण दुकानाच्या आत, आणि लोंबतो रस्त्यावरचा सज्जा.

वर छप्पर. वासे, रिपा आणि कौलं. आज दिसणारी मंगलोरी कौलं मात्र मूळची नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी देशावर हाताने थापलेली नळीची कौलं किंवा मातीचं धाबं. म्हणजे छपरावर मंगलोरी कौल दिसलं म्हणून इमारत तेवढीच जुनी, असं ठरवता येत नाही. सांगाडा त्याहून पुष्कळ आधीचा असू शकतो. कौल उलटून पाहिलं तर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं आणि छप्पर कधीनंतरचं ते कळतं. तसंच दुकानात मधे लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या उभ्या अंगावरचे उठावाचे अक्षर वाचावेत. 'डॉर्मन लाँग' असेल तर इंग्लंडहून आलेला; 'टाटा' असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं ते त्या वर्षी.

सोलापूर, बार्शी, पैठणकडे पाऊस कमी, तिथे कौलांऐवजी माळवद. कडीपाटावर काटक्या-पाला आणि वर पांढऱ्या मातीचा फूटभर थर. सांगाड्याचं गणित तेच, पण डोक्यावरचं ओझं फार वेगळं. ते पुढे येतं.

वजनाचा अंदाज

आकडे काढून पाहिले, की कुठे घाबरायचं आणि कुठे नाही हे स्पष्ट होतं.

सहा इंच जाड मातीचा थर म्हणजे चौरस फुटाला साधारण २४ किलो. सहा बाय सहा फुटांच्या खणात ३६ चौरस फूट, म्हणजे केवळ माती ८५०-९०० किलो. त्याच खणावरचं मंगलोरी छप्पर किती? शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात, खणाला ५४. कौल अडीच किलोचं धरलं तर १३५ किलो. म्हणजे ज्याची लोकांना भीती वाटते ते छप्पर हलकं आहे, आणि पायाखालचा मजला जड. त्यावर माडीत पन्नास किलोची वीस पोती रचली, की आणखी एक टन.

माळवदाचं फूटभर मातीचं ओझं चौरस फुटाला ४८ किलो, खणाला पावणेदोन टन, तेही कोरडं असताना. पावसाळ्याआधी गळतीवर म्हणून दरवर्षी नवी पांढरी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं वीस-तीस वर्षं चाललं तर थर दीड-दोन फुटांचा होतो. तुळई मात्र तीच राहते. माळवद दुरुस्त करताना पहिली कृती म्हणून जुनी माती पूर्ण उतरवावी, तुळया पाहाव्यात, आणि मोजून नवी माती घालावी.

आता खांबाकडे. आतल्या एका खांबावर एका खणाचा भार येतो, मजला आणि छप्पर मिळून दोन टनांच्या आसपास. आठ इंची सागाचा धड खांब याच्या कितीतरी पट भार पेलतो. तो भाराने मोडत नाही. तो पायाशी कुजतो आणि हळूहळू खाली बसतो. म्हणून तुळईत आधी वाक शोधायचा, खांबात कूज आणि भिंतीत ओल.

मधला खांब काढल्यावर काय होतं

दुकानाचं तोंड रुंद करण्यासाठी, काचेची शोकेस बसवण्यासाठी दर्शनी रांगेतला एक खांब काढायची मागणी नेहमीची आहे. 'बाकीचे चार आहेत ना' हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. हिशेब असा आहे: सहा फुटांचा टप्पा बारा फुटांचा झाला, की तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो आणि तिचा झोल, म्हणजे मधे खाली येणं, सोळापट. दुप्पट नव्हे, सोळापट. आधी २ मिलिमीटर झोल असेल तर हिशेबाने तो ३२ मिलिमीटरवर जातो. शेजारच्या दोन खांबांवरचा भार दीडपट होतो, आणि त्यांचे तळखडे आणि खालचं जोतं त्या भारासाठी घातलेलं नसतं.

तुळई त्या दिवशी मोडत नाही. हीच फसगत आहे. लाकूड सतत भाराखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकत राहतं, आणि झोल पहिल्या दिवशीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. माडीची फरशी मधे खोल होते, वरच्या खिडक्यांच्या चौकटी तिरप्या होतात, खाली शटर अडकायला लागतं. खांब काढणं अटळच असेल तर त्याआधी दोन्ही बाजूंना नवीन पायासकट लोखंडी खांब आणि तुळईखाली हिशेब केलेला गर्डर हवा, आणि तो हिशेब संरचना अभियंत्याने केलेला असावा. तुळईला अंगाने पोलादी पट्टी ठोकून काम भागत नाही.

फळ्या

या दुकानांचा सर्वांत हुशार भाग म्हणजे फळ्यांची लावणी. आज ती निरुपयोगी समजून सरपणात जाते, याचं वाईट वाटतं.

फळी ९ ते १२ इंच रुंद, सव्वा इंच जाड. वरच्या आडव्या लाकडात खोल खाच, खालच्या उंबऱ्यात उथळ. फळी आधी वरच्या खाचेत पूर्ण वर सारायची, तळ उंबऱ्यावर आणायचा आणि खाली सोडायची. खाली बसली तरी वरचं टोक खाचेतून सुटत नाही. माप असं: खालची खाच अर्धा इंच असेल आणि फळी बसल्यावर वर अर्धा इंच अडकून राहायची असेल, तर फळी उघड्या उंचीपेक्षा एक इंच लांब हवी आणि वरची खाच एक इंचाहून खोल, म्हणजे सव्वा इंच. वरची खाच एक इंचच ठेवली तर फळी कोरड्या दिवसांत कशीबशी बसते, आणि तुळई जराशी खाली आली की बसतच नाही.

प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला असतो, कारण खांब हाताने घडलेले असल्याने कोणत्याही दोन फळ्या अगदी सारख्या नसतात. एका टोकापासून लावत आणायच्या, शेवटच्या जागी छोटं दार किंवा कडी-कोयंड्याची फळी, आणि सगळ्यांवरून आतून आडवा अडसर. बाहेरून एकही फळी उचलता येत नाही, कारण अडसर तिला वर जाऊ देत नाही.

फळ्या इमारतीची तब्येतही सांगतात. लाकूड ओलीने रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे पावसाळ्यात फळ्या एकमेकींना बाजूने घट्ट बसायला लागल्या तर तो ऋतूचा परिणाम आहे. शेवटच्या फळीशेजारी एक बोट जागा सोडलेली असते ती यासाठीच. पण फळी वर-खाली अडकायला लागली, आणि विशेषतः मधल्या फळ्याच अडकल्या, तर फळी वाढलेली नाही, तुळई उतरली आहे. अशा वेळी सुताराला बोलावून फळीला रंधा मारून घेतात. दुखणं तसंच राहतं आणि ते सांगणारी खूण निघून जाते. आधी नळीच्या पाणसळीने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तुळईची दोन टोकं आणि मध्य मोजावा, आकडा तारखेसह भिंतीवर लिहावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा.

फळ्यांऐवजी शटर बसवताना त्रास त्याच्या वजनापेक्षा भोकांचा जास्त होतो. पट्ट्या धरण्यासाठी खांबाला ओळीने बोल्ट मारले जातात, तेही कूस असते त्याच वरच्या भागात, आणि शटरचा डबा तुळईचा पुढचा भाग कायमचा झाकून टाकतो. तिथे पागोळीचं पाणी आलं तर दिसत नाही. शटर हवंच असेल तर ते खांबांच्या मागे, स्वतःच्या लोखंडी चौकटीत, जोत्यावर उभं करावं.

कुजण्याची सुरुवात कुठून होते

रस्त्यापासून. डांबराचे थर एकावर एक चढत जातात, रस्ता फूट-दीड फूट वर येतो, ओटा बुटका होतो. आत दुकानदार फरशीवर फरशी टाकतो. तीन थरांनंतर तळखडा जमिनीत गाडला जातो आणि खांबाचा तळ फरशीच्या पातळीखाली जातो. भोवती सिमेंट भरलं, की तिथे साचलेलं पाणी सुकायला जागा नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशी लागते, तिच्यामागून वाळवी.

तपासणी सोपी आहे. खांबाभोवतीची एक फरशी उचलावी. हातोडीने तळापासून वर ठोकत जावं: धड लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द. मग जाड पेचकस दाबून पाहावा. पाव इंचही जात नसेल तर उत्तम. अर्ध्या इंचाहून जास्त सहज गेला तर आत काम आहे. भिंतीत चिणलेल्या खांबांसाठी गिलाव्यावरच्या सरळ उभ्या भेगा शोधाव्यात. त्या बहुधा खांबाची कड दाखवतात.

दुसरी सुरुवात वरून. पन्हळ पानांनी तुंबते, पाणी भिंतीच्या माथ्यावर सांडतं आणि भिंतीत बसलेलं तुळईचं टोक भिजतं. भिंती बाहेरून पक्क्या विटांच्या दिसल्या तरी आत पुष्कळदा कच्च्या विटांचा, म्हणजे भेंड्यांचा गाभा असतो, जोड मातीचा. पाणी आत शिरलं की गाभा विरघळतो आणि बाहेरची वीट पोट काढते. १९६१ च्या पानशेत पुरात पुण्याच्या नारायण आणि शनिवार पेठेतले जुने वाडे कोसळले, त्यात पाण्यात उभ्या राहिलेल्या अशा मातीच्या भिंतींचा मोठा वाटा होता.

आणि तिसरं, सिमेंटचा गिलावा. जुनी भिंत ओल घेते आणि सोडते. चुना तिला सोडू देतो. सिमेंटमागे ओल अडकते, वर चढते, लोणा धरतो, म्हणजे पांढरी खारट पावडर फुटते, आणि गिलाव्याखाली माती भुसभुशीत होत राहते. बाहेरून भिंत नवी दिसते. ज्याने पैसे खर्च केले त्याला हे पटवणं कठीण जातं, पण सिमेंट काढल्याशिवाय पुढचं काही टिकत नाही.

भाड्याचा प्रश्नही इथे आहेच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने आणि नंतर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण मिळालं. भाडी मात्र इतकी कमी राहिली, की मालक पन्हळही साफ करत नाही आणि भाडेकरू दुसऱ्याच्या इमारतीत पैसे घालत नाही. पन्हळ साफ करायला वर्षातून एक दिवस लागतो. न केल्याने तुळई जाते.

खांबाचा पाय बदलणं

हे काम दिवाळी ते होळी या कोरड्या दिवसांत करावं. आधी छपराची गळती थांबवावी, मग सांगाडा, मग भिंती, शेवटी फरशी आणि फळ्या. उलट क्रमाने केलं तर केलेलं पुन्हा उकलावं लागतं.

माडीवरचा माल पूर्ण उतरवावा. कुजलेल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना फूट-दीड फुटावर तुळईखाली टेकू द्यावेत, प्रत्येकाखाली दोन इंच जाड आणि तीन-चार फूट लांब फळी, म्हणजे भार पसरेल. खाली गटार किंवा जुनं पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, नाही ना, हे आधी पाहावं. टेकूंखाली जॅक लावून, वर लोखंडी पत्रा आणि लाकडी ठोकळा ठेवून, दोन्ही बाजू सारख्याच उचलत न्याव्यात, खांबाच्या डोक्यापाशी कागद सरकेल इतकी फट पडेपर्यंत. त्यापुढे नाही. तुळई खाली बसली असेल आणि ती वर आणायचीच असेल तर दिवसाला २-३ मिलिमीटर; शंभर वर्षांत बसलेलं एका दुपारी सरळ केलं तर वरच्या भिंतीला भेगा पडतात आणि कुशी तुटतात.

कूज तळापासून फूटभरच असेल तर सर्वांत साधा उपाय म्हणजे खांब सरळ कापून तळखडा तेवढा उंच करणं. नव्या दगडात आणि खांबात मिळून १६ मिलिमीटरची गंज न चढणारी सळई, दोन्हीकडे चार-चार इंच, आणि मधे शिशाचा पत्रा, म्हणजे दगडातली ओल वर जात नाही. कूज वर गेली असेल तर दिसणाऱ्या कुजीच्या आणखी सहा इंच वर कापावं आणि मुरलेल्या सागाचा तुकडा तिरप्या जोडाने बसवावा. आठ इंची खांबाला जोडाची लांबी किमान २४ इंच, तिच्यात चार बोल्ट, खांबाच्या दोन बाजूंनी दोन-दोन. जुन्या वाड्याचं उतरवलेलं सागवान मिळालं तर नव्यापेक्षा चांगलं, कारण ते आता आकुंचन पावत नाही.

टेकू एकदम काढू नयेत. जॅक रोज थोडा उतरवत तीन-चार दिवसांत भार खांबावर सोडावा. वरच्या भेगांवर आधीच प्लास्टर ऑफ पॅरिसच्या टिकल्या लावून तारीख घालावी. टिकली तडकली तर थांबावं.

खांबाभोवती नव्याने फरशी करताना चारही बाजूंना एक इंच फट सोडून ती वाळूने भरावी, सिमेंटने नाही.

भिंत आणि चुना

गिलाव्यासाठी चुना विरवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली मुरवावा. न मुरलेला कण भिंतीत गेल्यावर फुगतो आणि गिलाव्याला खड्डे पडतात. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. ओलसर भागात वाळूपैकी थोड्या जागी सुरखी, म्हणजे विटांची पूड. पूर्वी चुन्याच्या घाण्यात दळताना गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा घालत. त्याने चुना चिकट होतो आणि हळू सुकतो. एक थर अर्ध्या इंचाहून जाड नको. दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर, आणि आठवडाभर ओली पोती टांगून सावलीत ठेवावं. चुना भराभर सुकला तर तो घट्ट होत नाही, पिठासारखा निघतो.

शेजारची इमारत पाडली जात असेल तेव्हा सामाईक भिंतीची काळजी वेगळी. तुमच्या तुळया तिच्यात बसलेल्या असतात, आणि नव्या इमारतीचा पाया तुमच्या जोत्याच्या खाली जातो. खोदाईआधी भिंतीला तिरपे धिरे म्हणजे टेकू, ओळंब्याने मोजमाप, फोटो आणि लेखी नोंद. खोदाई एका दमात सलग न करता चार-पाच फुटांच्या तुकड्यांत व्हावी, हे आधी लिहून घ्यावं.

भूकंप आणि आग

मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जी घरं पडली त्यांत जाड दगड-मातीच्या भिंती आतल्या माणसांवर कोसळल्या. जिथे खणाचा लाकडी सांगाडा धड होता, तिथे काही घरांत भिंत पडूनही माळवद खांबांवर राहिलं. दुकानासाठी यातून दोन कामं निघतात: सांगाड्याचे सांधे धड ठेवणं, आणि भिंत लाकडाला मजल्याच्या पातळीवर पोलादी पट्ट्यांनी बांधणं, म्हणजे ती वेगळी होऊन कोसळणार नाही.

आगीबद्दलचा गैरसमज मोठा आहे. जाड सागाचा खांब पृष्ठभागावर कोळसा होत मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर जळतो. अर्ध्या तासात पाऊण इंच गेला तरी आठ इंची खांबाचा गाभा उभा राहतो. उघडा लोखंडी गर्डर मात्र साडेपाचशे अंश तापमानाला निम्मी ताकद गमावतो. धोका खांबात नसून पातळ फळ्या, पोटमाळ्यावरचे खोके आणि लाकडावरून ओढलेल्या जुन्या वायरी यांत आहे. सगळं वायरिंग धातूच्या नळीतून, प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी, आणि तुळईत वायरीसाठी भोक पाडायचंच तर ते उंचीच्या मध्यात, कडांना नाही.

सगळं झाल्यावर फळ्या. त्या काढतानाच आकडा नसेल तर खडूने घालावा आणि कोणत्या बाजूचं तोंड रस्त्याला होतं तेही लिहावं. खांबाचा पाय बदलल्यावर तुळईची उंची एक-दोन मिलिमीटर बदललेलीच असते, म्हणून खाचा आधी मोजाव्यात आणि जास्तीचं लाकूड फळीच्या वरच्या टोकातून काढावं. खालचं टोक कापलं तर ते नव्याने पाणी प्यायला लागतं. कापलेल्या टोकाला जवसाचं कच्चं तेल दोनदा द्यावं, आणि पहिल्या पावसाळ्यात शेवटच्या फळीशेजारची बोटभर जागा मोकळीच ठेवावी.